रेलमोटारीचा बिनमाणसांचा फोटो

"फोटोत एकही माणूस दिसता कामा नये," नम्रताबाईंनी अट तिसऱ्यांदा वाचून दाखवली आणि चष्म्यावरून अमरदीपकडे पाहिलं. "ड्रायव्हर सोडून. एकही."

"बाई, माणूस नसलेला फोटो मी आयुष्यात काढलेला नाही," अमरदीप म्हणाला. "गेल्या वर्षी एका म्हशीचा काढला होता, विम्यासाठी. त्यातही मालक उभा होताच शेजारी. हलेच ना."

अमरदीप जाधवचा सावर्ड्याच्या बाजारपेठेत फोटो स्टुडिओ होता. पासपोर्ट, लग्न, साखरपुडा, बारसं, शाळेचा ग्रुप, हेच त्याचं जग. लग्नात त्याचा दरारा असा, की नवरीनं हार उचलला आणि अमरदीपनं हात वर करून "थांबा!" म्हटलं, की हार, नवरी, नवरा आणि भटजी जिथल्या तिथे थांबत. मग तो सावकाश दोन पावलं मागे जाई, म्हणे, "हां, आता घाला," आणि फोटो निघे. पंधरा वर्षांत त्याच्या हुकमाशिवाय त्या पंचक्रोशीत कुणाच्या गळ्यात माळ पडली नव्हती. अशा माणसाला तळेकोंडच्या मंडळानं रेलमोटारीचा फोटो काढायला बोलावलं होतं. पुण्याचा कुणी नावाजलेला फोटोग्राफर यायचा होता, तो आदल्या रात्री पाय मुरगळून बसला म्हणून.

"पुढचं ऐका," नम्रताबाई म्हणाल्या. त्या गावच्या शाळेत शिक्षिका, आणि मंडळाच्या सेक्रेटरी. "गाडी धावती हवी, उभी नको. पूर्ण दिसायला हवी. हार-तुरे, पताका, तोरण, काही नको. आणि आज संध्याकाळी सहाच्या आत फोटो समितीच्या साईटवर चढायला हवा. सहा वाजून एक मिनिट झालं, की साईट बंद."

"आणि नाही चढला तर?"

नम्रताबाईंनी कागदाची घडी घातली. "तर गाडी परत जाणार."

गोष्ट अशी होती. तळेकोंडच्या सड्यावरून, म्हणजे कातळी पठारावरून, खाडीच्या धक्क्यापर्यंत अरुंद रुळांची दोन किलोमीटरची जुनी लाईन होती. कुठल्याशा खाणीचा माल न्यायला कुणी कधी काळी टाकलेली. खाण बंद पडली, मालक गेले, रूळ करवंदीच्या जाळीत गाडले गेले. गावानं ते साफ केले आणि त्यावर चालवायला एका दूरच्या संग्रहालयाकडून एक रेलमोटार मागून आणली. रेलमोटार म्हणजे काय, तर रुळांवरून चालणारी मोटार. पुढे इंजिन, मागे बावीस माणसांची बाकं, सगळं एकाच अंगात. आली तेव्हा ती गंजलेला सांगाडा होती. करार असा, की चार वर्षांत ती पूर्ववत करायची, धावती करायची आणि तसा फोटो संग्रहालयाच्या समितीला पाठवायचा, तर ती कायमची तळेकोंडची. नाही तर ट्रेलरवर चढून परत संग्रहालयात. चार वर्षं आज संपत होती, आणि इंजिन पहिल्यांदा चालू झालं होतं काल दुपारी.

"चला, बघून तर घ्या," नम्रताबाई म्हणाल्या आणि त्यांनी शेडचं पत्र्याचं दार सरकवलं.

अमरदीप मनात म्हणत होता, डबा तो डबा, त्यात बघायचं काय? दार सरकलं आणि त्याच्या खांद्यावरची कॅमेऱ्याची बॅग घसरून कोपरापर्यंत आली.

आत ती उभी होती. खाली गर्द हिरवी, वर साईसारखा पांढरा रंग. गोलसर नाक, नाकावर पितळेचा एकच मोठा दिवा. सागवानी खिडक्या, प्रत्येक खिडकीला चामड्याचा पट्टा. पत्र्याच्या भोकातून आलेलं ऊन तिच्या टपावर पडलं होतं आणि रंगात शेडचं वासे-पट्ट्यांसकट सगळं प्रतिबिंब दिसत होतं. दाराशी पितळी पट्टी, तिच्यावर कोरलेलं, बांधणी १९३६.

"आयला," अमरदीप म्हणाला. मग बाईंची आठवण होऊन त्यानं जीभ चावली.

"म्हणा, म्हणा," नम्रताबाई म्हणाल्या. "पहिल्यांदा बघितल्यावर सगळे हेच म्हणतात. माझ्या शाळेचे इन्स्पेक्टरसुद्धा म्हणाले."

गाडीच्या पोटाखालून दोन पाय बाहेर आले, मग खाकी चड्डी, मग ग्रीसनं माखलेला सदरा आणि शेवटी दत्ताराम शिगवण. वय बहात्तर. एसटीच्या वर्कशॉपमध्ये सगळी नोकरी केलेला मेकॅनिक. ह्या गाडीचा प्रत्येक नट त्यानं स्वतः उघडलेला आणि स्वतः आवळलेला. मिळेना तो भाग लोटे गावच्या कारखान्यातल्या नितेश फिटरकडून घडवून घेतलेला.

"फोटोवाले काय तुमी?" तो हात पुसत म्हणाला. "बरा काढा हां. लग्नात काढता तसा नको. त्यात सगळीच सारखी दिसतात."

"काका, गाडी चालते ना नक्की?"

"चालते मंजे? काल दुपारी ती बोललीन. चार वर्षं मी बोलत होतो, काल ती बोललीन." त्यानं गाडीच्या नाकावर पंजा ठेवला. आवाज उगाच खाली आला. "बगा, मला पोरबाळ मुंबईला. पेन्शन घ्यायची नि ओटीवर बसायचा, येवडाच उरला होता. मंग ही आली. ही गेली ना, तर चार वाजता चहा पिऊन मी जायचा कुठं, ते मला ठाव नाय. म्हणून सांगतो, बरा काढा."

"घराचं कौल फुटलंय, तिथं जायचा," मागून आवाज आला. दत्तारामची बायको सुंदराबाई चहाची किटली घेऊन आली होती. "चार वर्षं झाली. घरात गळतंय नि हिच्या टपावर रंगाचे तीन-तीन हात. मी आजारी पडले तर काढा, ही आजारी पडली तर रातभर जागरण."

"अगो, तू बोलतेस तरी आजारी पडल्यावर. ही बोलत नाय ना," दत्ताराम म्हणाला.

अमरदीपनं चहा घेतला, कॅमेरा घेतला आणि मोटरसायकलवरून लाईनशेजारच्या पायवाटेनं पुढे गेला. जागा त्यानं एका नजरेत हेरली. लाईन सड्यावरून उतरते आणि खाडीच्या तोंडाशी एक लांब वळण घेते, थोडी चढते. डावीकडे जांभ्याचा कातळ, उजवीकडे खाली खाडीचं पाणी, मागे मोकळं आभाळ. तिथे माणूस नाही, तार नाही, खांब नाही. त्यानं तिकाटणं लावलं, कॅमेरा चढवला, एक दगड खूण म्हणून धरला. गाडी त्या दगडाशी आली, की फोटो. ठरलं होतं तीनला निघायचं. आठ मिनिटांचं अंतर.

तीन वाजून दोन मिनिटांनी सड्यावरून भोंगा वाजला. खोल, घोगरा, लांबवर जाणारा. नव्वद वर्षांचा आवाज, आणि ह्या खाडीवर आज पहिल्यांदा वाजत होता. त्यानं डोळा कॅमेऱ्याला लावला आणि श्वास धरला.

श्वास किती वेळ धरणार? तीन-दहा झाले. तीन-वीस झाले. भोंगा आणखी दोनदा वाजला, पण जिथल्या तिथून. साडेतीनला अमरदीपनं मोटरसायकलला किक मारली.

रेलमोटार शेडपासून अडीचशे पावलांवर उभी होती, बाबल्याकाकांच्या घरासमोर. बाबल्याकाका गावचे मानकरी. शिमग्याला देवाची पालखी पहिली कुणाच्या दारात जाणार, तिथून ती कुणाकडे वळणार, हे सगळं त्यांना तोंडपाठ. ते धोतर नेसून, डोक्याला फेटा बांधून रुळांच्या बरोबर मधोमध उभे होते. हात जोडलेले, डोळे मिटलेले. गाऱ्हाणं चाललं होतं.

"...तर बा महाराजा, ही गाडी आज तुझ्या शिवेत चालती झाली, तिच्या चाकाला, धुऱ्याला, तेला-पाण्याला राखण दे महाराजा..."

"व्हय महाराजा!" मागून सगळा गाव ओरडला.

"काका," अमरदीप गाऱ्हाणं संपेपर्यंत कसाबसा थांबून म्हणाला, "अहो ऊन चाललंय. गाडी पुढे जाऊ दे ना."

"जाईल की," बाबल्याकाका शांतपणे म्हणाले. "ओटी भरून झाली की जाईल."

"गाडीची ओटी?"

"मंग? आज पहिल्यांदा गावातून फिरतेय ती. पालखी कधी कुणाच्या दारावरून सरळ निघून गेली काय रे? घरासमोर थांबायचा, नारळ घ्यायचा, मंग पुढं. रीत हाय ती."

"काका, ही पालखी नाही, मोटार आहे!"

"मोटार हाय म्हणून काय झाला? माणसा बसतात ना तिच्यात? मंग तिला रीतभात नको?"

खरं सांगायचं तर त्या म्हणण्यात अमरदीपला काही चूक दिसेना. बाबल्याकाकांच्या सुनेनं गाडीच्या नाकावर हळदकुंकू लावलं, दिव्याला झेंडूचा हार घातला, पायरीवर तांदूळ आणि नारळ ठेवला. मग तिनं मान वर करून अशा नजरेनं गाडीकडे पाहिलं, की अमरदीपनं घड्याळ दाखवायला उचललेला हात खाली घेतला. मघाशी त्याचंही तसंच झालं होतं ना! स्टेअरिंगशी बसलेला दत्ताराम सगळ्यांचे नमस्कार घेत होता. आयुष्यभर एसटीच्या पोटाखाली झोपलेल्या माणसाला कुणी कधी नमस्कार केला नव्हता. तो लाजून लाल झाला होता.

"आता भोंगा मारा ओ दत्तोबा! आमच्या दारात मारा!"

दत्तारामनं भोंगा मारला. बायांनी पदरानं डोळे पुसले.

लाईनच्या कडेनं एकूण अकरा घरं. आता तुम्हीच हिशेब करा. प्रत्येक दारात हळदकुंकू, हार, नारळ, गाऱ्हाणं आणि भोंगा. एका घरातल्या म्हातारीला ऐकू कमी, तिच्यासाठी भोंगा सहा वेळा. पुढच्या घरानं आठ वेळा मागितला, का, तर म्हातारीला सहा नि आम्हाला एक? कुणी म्हणालं, पुढचा पितळी दिवा पेटतो का बघू. दिवा पेटला. भर दुपारच्या उन्हात तो पेटलेला कुणाला दिसेना, म्हणून लोकांनी आळीपाळीनं पंजाची सावली करून पाहिला, आणि जो तो "पेटलाय, पेटलाय!" म्हणत मागे सरकला. तो बंद करायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. दर थांब्याला मागून चालणाऱ्यांची संख्या वाढत होती, आणि जो तो मोबाईल काढून गाडीसमोर स्वतःचं तोंड धरत होता.

अमरदीप मोटरसायकलवरून वळणापासून गाडीपर्यंत आणि गाडीपासून वळणापर्यंत फेऱ्या मारत होता. चार वाजले. साडेचार वाजले. त्यानं हात जोडले, आवाज चढवला, "तुमचीच गाडी जाणार आहे, माझं काय!" असंही म्हणून पाहिलं. लोक म्हणायचे, "खरा हाय, खरा हाय," आणि पुढच्या घरातून आरतीचं ताट बाहेर यायचं.

पाच वाजायला दहा मिनिटं असताना दहा घरं संपली. अकरावं घर बौद्धवाडीतलं, वळणाच्या अलीकडे. तिथे कुणी ताट घेऊन उभं नव्हतं. अमरदीपनं सुस्कारा सोडला. तेवढ्यात दार उघडलं आणि स्टीलची कळशी घेऊन बाहेर आली ती गंगाआत्या. त्याची स्वतःची सख्खी आत्या.

"आत्या, तू पण?" अमरदीप जवळजवळ रडकुंडीला आला.

"मी काय ओवाळायला नाय आले," गंगाआत्या म्हणाली. "आमच्यात नाय ते. पण दोन तास झाले, त्या दत्तूभावजींच्या घशाला कोरड पडली असेल. वाईच कोकम सरबत देते. दहा दारी थांबली नि आमच्या दारावरून तशीच जाईल, होय रे?"

"अगं आत्या..."

"तू गप. तू घे आधी. तोंड बघ कसं झालंय."

अमरदीपनं सरबत घेतलं. दत्तारामनं दोन पेले घेतले. मग मागच्या सगळ्या गावानं घेतलं, कारण कळशी मोठी होती. शेवटी गंगाआत्या दोन पावलं मागे सरली, तिनं गाडीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि ती हळूच म्हणाली, "माणसानं केलंय ना हे सगळं? हातानं?"

"हातानं," दत्ताराम म्हणाला.

"एक भोंगा मारा भावजी."

भोंगा वाजला. जरा बसल्या आवाजात वाजला, पण तेव्हा ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

पाच वाजून दहा मिनिटं. अमरदीपनं आता सूत्रं हातात घेतली. सगळे हार उतरवले, कुंकू पुसलं, नारळ आतल्या बाकाखाली लपवले. सगळ्या गावाला बाबल्याकाकांच्या ताब्यात दिलं आणि सांगितलं, "हा कातळ ओलांडून एकही माणूस पुढे येणार नाही. आला तर गाडी गेली समजा." नम्रताबाई लॅपटॉप घेऊन जवळच्या टेकाडावर गेल्या, कारण गावात मोबाईलला रेंज तिथेच. दत्तारामला त्यानं समजावलं, "काका, दीडशे पावलं मागे घ्या. मग दमानं या, मध्ये थांबू नका. काही झालं तरी थांबू नका."

"नाय थांबत," दत्ताराम म्हणाला.

अमरदीप कॅमेऱ्यापाशी आला. ऊन कलून सोनेरी झालं होतं. खाडीला भरती होती, पाणी काठोकाठ. कातळामागून इंजिनाची घरघर आली, मग हिरवं-पांढरं नाक आलं, मग ती पूर्ण वळणावर आली. माणूस नाही, हार नाही, पताका नाही. काचेवर सूर्य, दिव्याच्या पितळेवर सूर्य, खाली पाण्यात तिचं उलटं रूप तिच्याबरोबरीनं चाललेलं. नव्वद वर्षांची म्हातारी, आणि चाल बघाल तर काल सासरी आलेल्या नवरीची. अमरदीपच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकं देखणं काही त्यानं कॅमेऱ्यातून कधी पाहिलं नव्हतं. दहा पावलं, पाच पावलं, दगडाशी आता पोचणार, आणि पंधरा वर्षांच्या सवयीनं त्याचा उजवा हात आपोआप वर गेला.

"थांबा!" तो ओरडला. "हां, जरा तिथंच!"

दत्तारामनं कचकन ब्रेक मारला.

गाडी दगडाच्या पंधरा हात अलीकडे थांबली. इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं. खाडीवर एक बगळा ओरडला, तेवढाच काय तो आवाज.

"काय झाला?" दत्तारामनं खिडकीतून डोकं काढलं. "तुमीच म्हणालात थांबा."

अमरदीप स्वतःच्या वर गेलेल्या हाताकडे बघत राहिला. तो हात त्याला कापून खाडीत टाकावासा वाटला. "काका, चूक झाली. तोंडातून गेलं. चालू करा, लवकर चालू करा."

दत्तारामनं बटण दाबलं. टक्. परत दाबलं. टक्. दिवा डोळा मिटल्यासारखा विझला.

"बॅटरी गेली," दत्ताराम म्हणाला. "सत्तर-ऐंशी भोंगे मारले असतील. नि हा दिवा कोणी चालू ठेवला?"

कातळामागे सगळा गाव एकमेकांकडे बघू लागला.

पाच वाजून एकतीस मिनिटं. दत्ताराम खाली उतरला, गाडीला हात लावून उभा राहिला. मग एकाएकी त्याचा चेहरा बदलला. एसटीतल्या चाळीस वर्षांचा अनुभव कामाला आला.

"धक्का मारा!" तो गरजला. "अरे, कैक येष्ट्या धक्क्यावर चालू केल्यात मी. ढकला रे सगळे! गिअरमध्ये टाकतो नि क्लच सोडतो!"

गाव कातळ ओलांडून धावला. बाबल्याकाकांनी फेटा काढून ठेवला. बाप्ये, बाया, गंगाआत्यासुद्धा पदर खोचून मागच्या बंपरला भिडली. तरी गाडी चढावर हलेना. "फोटोवाले, हात लावा!" दत्ताराम ओरडला. आता बटण कोण दाबणार? ढकलत नव्हतं असं एकच माणूस तिथे होतं, गुडघे दुखतात म्हणून दगडावर बसलेली सुंदराबाई.

अमरदीपनं तिला धरून कॅमेऱ्यापाशी उभं केलं. "काकी, गाडी ह्या दगडापाशी आली, की हे बटण दाबायचं. दाबून धरायचं. सोडायचं नाही. दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही. फोटो आपोआप निघत राहतील. त्यातला एक तरी कामाचा निघेल."

"बटण दाबायचा. धरून ठेवायचा," सुंदराबाई म्हणाली. "कुकरपेक्षा सोप्पा हाय."

अमरदीप धावला आणि गर्दीत खांदा घातला. "हैसा!" बाबल्याकाका ओरडले. गाडी वीतभर हलली. "हैसा!" हातभर हलली. "हैसा!" चाकं फिरायला लागली, माणसं पळायला लागली, दत्तारामनं क्लच सोडला, आणि इंजिन एवढ्या मोठ्यानं बोललं, की खाडीपलीकडच्या डोंगरातून उत्तर आलं. गाडी एकदम पुढे उसळली.

आणि मागचा सगळा गाव हातातला आधार गेल्यामुळे एकावर एक पालथा पडला. बाबल्याकाका पडले, त्यांच्यावर त्यांची सून पडली, सगळ्यांच्या पुढे फोटोग्राफर हनुवटीवर पडला.

पण कुणी आई गं म्हटलं नाही. पडल्या जागेवरून सगळ्यांनी माना वर केल्या, कारण समोर ती चालली होती. एकटी, स्वतःच्या बळावर, चढ चढून, मावळत्या सूर्याच्या दिशेनं. टपाच्या कडेला सोन्याची रेघ, मागे निळसर धुराची फीत, आणि खिडकीतून बाहेर काढलेला दत्तारामचा एक हात. ती वळणापलीकडे दिसेनाशी होईपर्यंत तोंडात माती गेलेली ती माणसं तशीच पडून होती. गंगाआत्या एवढंच म्हणाली, "बघा गो बायांनो, बघून घ्या."

अमरदीपला आधी शुद्ध आली. त्याच्या लक्षात आलं, की गाडी दगडापाशी आली तेव्हा तिच्यामागे उभा असा एकही माणूस नव्हता. सगळे आडवे! अटीप्रमाणे, बिनमाणसांची, धावती, पूर्ण गाडी! तो लंगडत कॅमेऱ्याकडे पळाला.

"काकी, दाबलंत?"

"दाबला. धरून ठेवला. अजून धरलाय बघ."

दोनशे बारा फोटो निघाले होते. अमरदीपनं पहिला पाहिला. दहावा पाहिला. शंभरावा पाहिला. त्याचा चेहरा उतरत उतरत गेला.

"काकी, ह्यात गाडी कुठाय?"

"गाडी पुढं गेली."

"मग कॅमेरा इकडे मागे कसा वळला?"

"मीच त्याची मान वाईच वळवली," सुंदराबाई म्हणाली. तिला अजून हसू आवरत नव्हतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "अरे, गाडी काय, चार वर्षं बघतेय मी. अख्खा गाव एकदम पालथा पडलेला मी कवा बघणार?"

पाच वाजून बेचाळीस मिनिटं. दत्तारामनं गाडी लाईनीच्या टोकाला नेली होती. उलट्या गिअरमध्ये मुंगीच्या चालीनं तो परत येईपर्यंत सूर्य खाडीत जाणार, हे सांगायला कुणी ज्योतिषी नको होता. टेकाडावरून नम्रताबाई हात हलवत होत्या. अमरदीप कॅमेरा घेऊन टेकाड चढला. त्याला दर पावलाला दत्तारामचा चार वाजताचा चहा आठवत होता.

"आणा, आणा," नम्रताबाई म्हणाल्या. त्यांनी कार्ड लावलं, फोटो उघडले आणि त्या खुर्चीत बसल्यासारख्या गवतात बसल्या. "अमरदीप, हे काय आहे?"

"हेच आहे, बाई."

"फोटोशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही."

अमरदीप पडद्याकडे बघत होता. मघापासून त्याला काहीतरी खटकत होतं, आणि आता ते काय ते कळलं. "एकशे चाळिसावा उघडा," तो म्हणाला.

एकशे चाळिसाव्या फोटोत मातीत आडवी पडलेली त्रेचाळीस माणसं होती. कुणाच्या केसांत गवत, कुणाच्या नाकाला लाल माती. सगळ्यांच्या तोंडांवर मावळतीचं ऊन, सगळ्यांच्या माना वर आणि सगळे डोळे एकाच दिशेला. बाबल्याकाकांचं तोंड उघडं होतं. गंगाआत्या लहान मुलीसारखी हसत होती.

"बाई, पंधरा वर्षं मी ग्रुप फोटो काढतोय," अमरदीप म्हणाला. "दर फोटोत कुणीतरी डोळे मिटतं, कुणीतरी भलतीकडे बघतं. ह्यात त्रेचाळीस माणसं आहेत आणि एकाचीही पापणी लवलेली नाही. मला हा कधी जमला नसता. हाच लावा."

"पण अट..."

"अट मेली. नाहीतरी गाडी जाणार. निदान चांगला फोटो तरी जाऊ दे."

पाच वाजून छप्पन्न मिनिटांनी फॉर्म गेला. छायाचित्रकार ह्या रकान्यात अमरदीपनं नम्रताबाईंना सांगून लिहिलं, सुंदराबाई शिगवण.

उत्तर नवव्या दिवशी आलं. नम्रताबाईंनी ते शेडमध्ये, गाडीसमोर सगळ्यांना बोलावून वाचलं. अमरदीप सावर्ड्याहून एक साखरपुडा अर्ध्यावर टाकून आला होता.

"'आपल्या अर्जासोबतच्या छायाचित्रात रेलमोटार दिसत नाही,'" बाईंनी वाचलं. "'रेलमोटारीचा कोणताही भाग दिसत नाही. नियमानुसार असा अर्ज तत्काळ फेटाळावा लागतो.'"

दत्ताराम पायरीवर बसला. सुंदराबाईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. तिनं असं कधी चारचौघांत केलं नव्हतं.

"पुढं आहे," नम्रताबाई म्हणाल्या. "'तथापि सदर छायाचित्र सभेत सर्व सदस्यांनी बराच वेळ पाहिले. ही माणसे काय बघत आहेत, ते स्वतः बघितल्याशिवाय कोणताही निर्णय घेऊ नये, असे एकमताने ठरले. समितीचे नऊही सदस्य येत्या रविवारी तळेकोंडला येत आहेत. तोवर मुदत वाढवण्यात येत आहे.'"

मग दत्ताराम उठला, त्यानं सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले आणि त्याच बाहीनं गाडीचा दिवा पुसायला घेतला. "येऊ देत," तो म्हणाला. "एकदा डोळ्यांनी बघितलान ना, की न्यायचा जीव नाय होणार कुणाचा."

"खाली अजून एक ओळ आहे," नम्रताबाई म्हणाल्या. "'छायाचित्रकार श्रीमती सुंदराबाई शिगवण यांनी त्या दिवशी कॅमेऱ्यासह अवश्य उपस्थित राहावे.'"

सगळ्यांनी सुंदराबाईकडे पाहिलं. तिनं पदर सावरला.

"येईन की," ती म्हणाली. "पण गाडीचा काढायचा असला, तर ह्या अमरदीपला सांगा. मी फक्त माणसांचे काढते."